गिरणीची बाजू

आमच्या तारमास्तरांकडे जेवायचं बोलावणं आलं की हातपाय धुऊन सरळ पाटावर बसायची सोय नव्हती. आधी मागच्या अंगणात जाऊन वाटी वाजवावी लागे. पितळेची, काठाला पोचा आलेली वाटी आणि एक चमचा. सारवलेल्या अंगणात मास्तरांनी चुन्याने मोठं वर्तुळ काढलं होतं, त्यावर घड्याळासारखे बारा आकडे, आणि मधोमध तिवईवर उभा केलेला त्यांचा मायक्रोफोन. पाहुण्याने एकच्या आकड्यावर उभं राहून वाटीवर चमचा मारायचा, मग दोनवर, मग तीनवर, असं फिरत बारापर्यंत यायचं. मास्तर आत टेपरेकॉर्डरपाशी बसून, आवाज किती आला ते दाखवणाऱ्या त्याच्या हिरव्या दिव्याच्या डोळ्यावर नजर ठेवून, खिडकीतून सूचना देत. "तीनवर परत मारा. वाटी छातीशी धरा. श्वास नका घेऊ." तोवर वहिनींनी वाढलेला भात निवून जाई. एक पाहुणा चिडून पाचच्या आकड्यावर वाटी ठेवून न जेवताच निघून गेला, तेव्हा मास्तरांनी वहीत पाचच्या पुढे 'पाहुणा नादुरुस्त' अशी नोंद केली.

मी तेव्हा महाडच्या पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर होतो आणि मास्तर शेजारच्या टेबलावर तारेच्या यंत्रापाशी. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, अंगाने काटकुळे, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम स्क्रू-ड्रायव्हर. मूळचे पोलादपुराकडच्या कापड्याचे. घरची भातशेती थोरले भाऊ बघत. महाडात वीज येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि बहुतेक घरांत तिचा उपयोग ओटीवर एक दिवा लावण्यापुरता होता. मास्तरांकडे मात्र टेपरेकॉर्डर होता. वहिनींचा धाकटा भाऊ बोटीवर कामाला, त्याने तो परदेशातून आणून बहिणीला भेट दिला होता. बहिणीने गाणी ऐकावीत एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू. वहिनींनी त्यावर एक गाणं ऐकलं नाही. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी यंत्राबरोबर आलेला मायक्रोफोन उघडला, आणि त्यानंतर सहा वर्षं त्या टेपरेकॉर्डरवर वाटीशिवाय दुसरं काही वाजलं नाही.

मास्तरांचं म्हणणं असं की प्रत्येक मायक्रोफोनला एक आकार असतो. डोळ्यांना दिसतो तो नव्हे, ऐकण्याचा. काही माईक चहूबाजूंनी सारखं ऐकतात. त्यांना ते लाडू म्हणत. काही पुढचं जास्त ऐकतात, बाजूचं थोडं कमी आणि मागचं मुळीच नाही. त्यांच्या नोंदी कागदावर मांडल्या की अळवाच्या पानाची आकृती होते, म्हणून ते अळू. आणि तिसरा डमरू. तो समोरचं ऐकतो, पाठीमागचंही तितकंच ऐकतो, आणि डाव्या-उजव्या बाजूंना ठार बहिरा असतो. ह्या बहिऱ्या बाजूंना मास्तरांचा शब्द होता 'कूस'. "तुम्ही कुशीला उभे आहात," असं ते मला ऑफिसातसुद्धा सांगत. "बारा वाजता या."

हळूहळू ते माणसांचीही अशीच विभागणी करायला लागले. आमचा टपालवाला लाडू, गावातलं सगळं त्याच्या कानात. आमचे साहेब डमरू: पुढे उभा राहील त्याचं ऐकणार, मागे काय कुजबुज चालली आहे तेही ऐकणार, पण टेबलाच्या बाजूला अर्ज घेऊन उभा असलेला माणूस त्यांना नाहीच. मी एकदा विचारलं, "आणि मी?" त्यांनी मला जरा वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमची वाटी घ्यायची राहिली आहे."

बाजारातला डमरू मिळण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी तो घरी केला. हँडल फिरवून घंटी वाजवायचे जुने टेलिफोन कुठे मोडीत निघाले होते, त्यांतले नालाच्या आकाराचे लोहचुंबक त्यांनी मिळवले. रेडिओच्या फुकट गेलेल्या कंडेन्सरमधून वर्ख काढला, त्याची बोटभर लांब पट्टी कापली, आणि तिला चुण्या पाडायला घरातलं गजराचं घड्याळ फोडून त्याच्या दोन दातेरी चाकांमधून ती फिरवली. अशी ती पट्टी दोन चुंबकांच्या मध्ये टांगली की झाला माईक. वरून वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, वारा लागू नये म्हणून. पट्टी इतकी नाजूक की कोणी जवळ येऊन फुंकर मारली तरी फाटे. माईक दिसला की माणसाला फुंकर मारल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे मास्तरांनी पट्ट्या किती केल्या त्याला गणती नाही. घड्याळ गेल्यावर वहिनी कोंबड्याच्या आरवण्यावर उठायला लागल्या.

ह्या डमरूचा एकदा जाहीर सत्कार व्हायची वेळ आली होती. पोलादपूरच्या पुढे एका वाडीत मुंबईकर मंडळींनी शाळेची खोली बांधली, तिच्या उद्घाटनाला बॅटरीवरचा लाऊडस्पीकर आणला होता. पाहुणे बोलायला उभे राहिले की कर्णा शिट्टी मारायला लागे. माईक हलवून झाला, कर्णा झाडावर चढवून झाला, पाहुणे तिसऱ्यांदा "बंधूंनो" म्हणून थांबले. सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेले. मास्तर सासुरवाडीच्या नात्याने तिथे आले होते. त्यांनी डब्यातून, टॉवेलात गुंडाळलेला आपला डमरू काढला, तो जोडला, पाहुण्यांना दोन हात मागे सरकायला लावलं आणि माईकची कूस कर्ण्याकडे केली. शिट्टी थांबली. लोकांनी कानांवरचे हात काढले आणि टाळ्या पडल्या. त्या आपल्यालाच आहेत असं पाहुण्यांना वाटलं, आणि ते लवून नमस्कार करायला लागले.

"बघितलंत?" परत येताना एस.टी.त मास्तर म्हणाले. "कर्णा तिथेच आहे, तेवढ्याच जोराने ओरडतोय, पण ह्याच्या लेखी तो नाही. जे नको ते कुशीला टाकायचं. माणसाचा कान लाडू आहे हो, सगळं घेतो, म्हणून त्याला धड काही ऐकू येत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल. मी हसण्यावारी नेत असे. पण मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो, मला आधीच कळायला हवं होतं. तारेचं यंत्र कट्-कड-कट् वाजतं, ते कानाने ऐकून मजकूर लिहायचा असतो. तो आवाज मोठा व्हावा म्हणून तारवाले यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा ठेवतात. मास्तरांनी आधी एक डबा ठेवला, मग मोठा डबा. मग एक दिवस पाहतो तर यंत्राच्या पितळी पट्टीवर डाव्या हाताचं बोट टेकवून, डोळे मिटून ते उजव्या हाताने लिहीत होते. यंत्र त्यांच्या बोटाला धडका देत होतं. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर गोंगाट फार." बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर खिडकीशी येणाऱ्या माणसाचं म्हणणं मी मोठ्याने परत बोलू लागलो. "लोक हल्ली पुटपुटतात," एवढंच ते कधीतरी म्हणत.

वहिनींना सगळं ठाऊक असावं. पण त्या बोलत वेगळंच. कमरेला पदर खोचून, वाटी हातात घेऊन त्या बिनतक्रार बारा आकड्यांवरून फिरत आणि मला ऐकू जाईल असं म्हणत, "भावोजी, लग्नाच्या बायकोचा आवाज नको ह्यांना. वाटीचा पायजेल." मास्तरांनी हे त्यांच्या ओठांवरून ओळखलं असेल, कारण ते गंभीरपणे उत्तर देत. "वाटी कालच्यासारखीच आज वाजते. तुझा आवाज दर दिवशी निराळा. त्याच्यावर माप कसं घेणार?" वहिनी हसत. त्यांचं हसणं घोगरं, पोटातून येणारं होतं. मुलंबाळं नव्हती. त्या घरात आवाज काय तो वहिनींचाच, आणि सहा वर्षांच्या रिळांवर तो एकदाही घेतलेला नव्हता.

गणपतीच्या सुमारास वहिनींचा घसा बसला. काढे झाले, हळद-दूध झालं, वैद्य झाले. भावाने मुंबईला नेऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रातच रोग आहे, ते काढून टाकावं लागेल. जगतील, पण बोलता येणार नाही. दिवाळीनंतर येऊन दाखल व्हा.

मास्तर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर आले. दुपारी आम्ही डबे उघडले. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "महिना आहे. तिला रिळावर घेतो." मला वाटलं, सुचलं एकदाचं ह्या माणसाला. मी म्हटलं, "आजच घ्या की." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी तारेचा फॉर्म पेन्सिलीने भरून दिला होता. "असा कसा घेऊ? शेजारी गिरणी आहे."

गिरणी होती खरी. त्यांच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी, तिचं तेलावरचं इंजिन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुक-पुक करी. मी म्हटलं, वाजू दे. गिरणीसकट घ्या. पण त्यांना तो आवाज स्वच्छ हवा होता. उरलेला सगळा जन्म ऐकायचा आवाज, त्यात शेजाऱ्याचं इंजिन कशाला? त्यांनी माईकच्या मागे घोंगडीचे तुकडे भरून डमरूचं अळू केलं. मग म्हणाले, आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. घोंगडी काढली. वर्खाची पट्टी बदलली, अधिक बारीक केली. आठवडा गेला. लुगड्याचा तुकडा बदलला. दुसरा आठवडा गेला. रोज संध्याकाळी वहिनी वाटी घेऊन उभ्या. त्यांचा आवाज दिवसेंदिवस आत चालला होता, आणि मास्तर वाटीवर माप घेत होते. त्या दिवसांत मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी निघायच्या आदल्या दिवसाची दुपार ठरली. भावाने पाठवलेलं एकच नवं कोरं रीळ होतं. मास्तरांनी मधल्या खोलीत तिवई मांडली. माईकची एक कूस बरोबर गिरणीच्या भिंतीला दिली. समोर, बाराच्या जागी, वहिनींचा पाट. दीड हातावर, दोरीने मोजून. टेपरेकॉर्डरची घरघर नको म्हणून तो आतल्या खोलीत, वायर दाराच्या फटीतून. त्यांनी मला दाराशी उभं केलं. मी हाताने खूण केली की ते आत सुरू करतील, आणि वहिनींनी बोलायचं. मग रीळ सुरू करून, माईकपुढे येऊन त्यांनी स्वतः आधी दोन वाक्यं सांगितली, वाटीच्या नोंदीला सांगत तशीच, आणि आत जाऊन रीळ थांबवलं.

तेवढ्यात कापड्याहून मास्तरांचे थोरले भाऊ आले. भावजय दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणार म्हणून भाताची झोडणी अर्धी टाकून, एस.टी. पकडून, खांद्यावर नव्या तांदळाची गोणती घेऊन. घामाने भिजलेले. त्यांना आता थांबा म्हणणार कोण? माईकच्या पलीकडे, पाटाच्या अगदी समोर, एक बाकडं होतं. ते तिथे बसले आणि त्यांनी खिशातून अडकित्ता काढला.

"ह्यो काय देव मांडलाव?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, वहिनींचा आवाज घ्यायचा आहे.

थोरल्यांनी मान खाली घातली. "तिला म्हनावं, बोल. माजी अडचन नको." धाकट्या भावाच्या बायकोशी ते सरळ बोलत नसत. तीन हातांवर बसलेल्या बाईला निरोप माझ्यामार्फत.

वहिनी उठल्या, त्यांच्या पाया पडल्या. मग परत येऊन पाट उचलला आणि तो बाजूला नेऊन गिरणीच्या भिंतीशी ठेवला. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून, थोरल्या दिरांना आडव्या अशा बसल्या. त्यांच्या घरात बाई थोरल्या दिरासमोर तोंड करून बसत नसे. ह्यात विचार करण्यासारखं त्यांना काही नव्हतं. दार उघडताना कडी काढावी तसं त्यांनी ते केलं.

त्या गिरणीच्या जागी जाऊन बसल्या होत्या.

मी ते पाहिलं. हे मला इथे लिहायलाच हवं, कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या वर्तुळावर मी शंभरदा वाटी घेऊन फिरलो होतो. तीनवर आणि नऊवर चमचा कितीही जोराने मारला तरी हिरवा डोळा हलत नाही, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. पण काय म्हणणार होतो? वहिनी, तुम्ही थोरल्यांकडे तोंड करून बसा? पाहुणा माणूस मी. मी थोरल्यांकडे पाहिलं, वहिनींच्या पाठीकडे पाहिलं, आणि "बोला, वहिनी" म्हणून आत मास्तरांना हाताने खूण केली.

वहिनी बोलू लागल्या. आवाज घोगरा, फाटलेला, पण दाराशी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मीठ काळ्या बरणीत हाय. पांढरीत सोडा. दोनदा घातलाव आमटीत, आता मी नाय सांगायला. तुळशीला पानी घालताना चा तिथं दगडावर ठेवता नि इसरता. दार उघडताना कडी वर उचला, नायतर बिजागरं खाली येतंय. शेजारच्या काकींना मी सांगून ठेवलंय, ह्यांना लांबून हाका मारू नका, येऊन खांद्याला हात लावा. त्या कोनाला बोलायच्या नाईत. मला म्हाईत हाय कवापासनं. तुमी सांगितलं नाय, मी पन इचारलं नाय. आता मी बोलायची नाय नि तुमी ऐकायचं नाय, म्हंजे दोघं बरोबरीत आलाव."

थोरल्यांनी सुपारी कातरायला घेतली. हळू नव्हे, चांगली कडाकडा. खोकले, घसा खाकरला, पुन्हा कडाकडा. नवराबायकोचं बोलणं आपल्या कानावर पडतंय असं तिला वाटू नये, म्हणून ते आवाज करत होते. त्यांचे डोळे भरले होते. आणि ते डमरूच्या बरोबर पाठीमागे बसले होते, जिथलं तो समोरच्याइतकंच ऐकतो.

आत मास्तर हिरव्या डोळ्याकडे बघत बसले होते. आवाज मोठा आला की त्या डोळ्याच्या दोन पापण्या जवळ येतात. अडकित्त्याच्या प्रत्येक कडाक्याला त्या मिटत होत्या. मास्तरांना वाटलं, ही जोरात बोलते आहे. त्यांनी बटण फिरवून आवाज आणखी कमी केला.

अगदी शेवटी वहिनी गप्प झाल्या. मला वाटलं संपलं. मग भिंतीकडे बघत, अगदी खाली आवाज काढून, त्यांनी मास्तरांचं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढे-मागे काही नाही. मी दोघांच्या घरी इतकी वर्षं जात होतो, पण हे मी पहिल्यांदा ऐकलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. थोरले तेव्हा खोकत होते.

मास्तर बाहेर आले, उजळलेल्या चेहऱ्याने. मी म्हटलं, "एकदा वाजवून बघू या." कारण अजून वेळ होता, रीळ पुसून पुन्हा घेता आलं असतं. पण त्यांचा एक नियम होता. दर वेळी वाजवलं की रीळ थोडं झिजतं. "आता कशाला? आता ती स्वतः आहे की." त्यांनी रीळ डब्यात घालून वरून मेणाने बंद केलं. त्याही वेळी मी बोललो नाही. थोरले समोर हात धूत होते.

ह्या सगळ्यात कोणाचं काही चुकलं म्हणावं तर तसं नाही. वहिनींनी रीत पाळली, थोरल्यांनी रीत पाळली, मीही तेच केलं. इतकी वर्षं झाली, पण त्या खोलीत सगळी चांगलीच माणसं होती ह्या गोष्टीने मला अजून शांत झोप लागत नाही.

मुंबईहून दोघं परत आली तेव्हा वहिनींच्या गळ्याला पांढरं फडकं होतं. मास्तरांनी मला बोलावलं. वहिनी त्याच पाटावर बसल्या. मेण फोडून रीळ लावलं. आधी मास्तरांची दोन वाक्यं, घंटेसारखी स्वच्छ. मग अडकित्ता. खोकला. अडकित्ता. त्याच्या पलीकडे कुठेतरी, रजईखाली कोणी कण्हावं तसं काहीतरी. शब्द एकही कळेना. गिरणी मात्र अजिबात नव्हती. मास्तरांनी ती पुरती पुसून टाकली होती.

मास्तरांची नजर हिरव्या डोळ्यावर होती. "गिरणी आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"आणि ही? कशी आली आहे?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या रीळ फिरताना बघत होत्या. त्यांचे कान शाबूत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, म्हणजे काहीच नाही हे ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही म्हणून.

"छान आल्या आहेत," मी म्हटलं.

"शेवटी काहीतरी म्हणते बघा. डोळा मिटला. काय म्हणाली?"

तो थोरल्यांचा खोकला होता. मी घाबरून तोंडात आलं ते बोललो. "चहा टाकते म्हणाल्या."

मास्तर हसले. "आवरलं एकदाचं, असं वाटलं असेल तिला."

निघताना वहिनी अंगणापर्यंत आल्या. त्यांच्याकडे बोलायसाठी एक पाटी असे. तिच्यावर त्यांनी लिहिलं, 'मी जागेवरून हलले. सांगू नका.' मी वाचलं तशी पदराने पुसून टाकली. मला म्हणायचं होतं की मी पाहत होतो, वहिनी. ते माझ्याच्याने झालं नाही.

त्यानंतर दोन वर्षं वहिनी होत्या. मास्तर दर रविवारी ते रीळ लावत, झिजण्याचा नियम त्यांनी स्वतःच मोडला. वहिनी शेजारी बसून तांदूळ निवडत. आपला आवाज नसलेली टेप दर आठवड्याला ऐकायची आणि नवरा बघेल तेव्हा हसायचं. मी मधून मधून जाई. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

वहिनी गेल्यावर वर्षभराने मी महाडला आलो. मास्तरांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. अंगणातलं चुन्याचं वर्तुळ पावसाने गेलं होतं. त्यांनी चहा केला, त्यात मीठ नव्हतं, साखर होती, आणि मला तेवढ्यानेही बरं वाटलं. बोलायसाठी त्यांनी तारेच्या जुन्या फॉर्मांचं एक पॅड आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. मग रीळ लावलं. अडकित्ता वाजू लागला. ते डोळ्याच्या हिरव्या पापण्या बघत, त्यांच्याबरोबर ओठ हलवत बसले होते.

"शेवटी ती काय म्हणते?" त्यांनी विचारलं. "तुम्ही मागे सांगितलं होतंत. परत लिहून द्या."

वहिनी नव्हत्या आता. मान हलवायला कोणी नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं, वहिनींनी घेतलं तसं, नुसतं. खाली लिहिलं, 'हे म्हणाल्या. मी दाराशी होतो.'

त्यांनी चष्मा पुसून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिने जन्मात माझं नाव घेतलं नाही. लग्नात बायका मागे लागल्या होत्या तेव्हाही नाही घेतलं. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत, ते कळलं मला. पण असं नका करू. रिळावर आहे तेच लिहा."

रिळावर थोरले खोकत होते. मी फॉर्म उलटा केला आणि मागे लिहिलं, 'चहा टाकते.'

"हां," मास्तर म्हणाले. "ही ती." आणि रीळ पुन्हा पहिल्यापासून लावायला मागे फिरवू लागले.